दहा दिवसांत आचारी

दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं. खानावळीच्या धंद्यातल्या खुसखुशीत आठवणी पाठवा म्हणतात. माझ्या खानावळीतल्या कुठल्याही पदार्थाला आजवर कुणी खुसखुशीत म्हटल्याचं मला आठवत नाही. पण संपादक कधी माझ्याकडं जेवलेले नाहीत, तेव्हा त्यांना तरी दोष कसा द्यायचा? मी चौथी पास आहे. शुद्धलेखन त्यांनी बघावं, बाकीचं मी बघते.

बेळगावाला लागून अनगोळ आहे, तिथं मी तीसएक वर्षं खानावळ चालवली. नवरा गेल्यावर निपाणीकडच्या सासरी माझी सगळ्यांना एवढी काळजी वाटायला लागली की घरात मला बसायला जागा उरली नाही. मग अनगोळला आले आणि दोन खोल्या आणि एक विहीर असलेलं घर धरलं. स्वयंपाक येत होता, दुसरं काही येत नव्हतं. अशा बाईला लोक अन्नपूर्णा म्हणतात. मला आक्का म्हणायचे.

या धंद्यात गिऱ्हाईक म्हणत नाहीत, ताट म्हणतात. माझ्याकडं चाळीस ताटं होती, म्हणजे कॉलेजची चाळीस पोरं दोन वेळा जेवायची. आमची खानावळ जैनांची. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, आणि सूर्य मावळला की चूल बंद. क्रिकेट खेळून दिवेलागणीला धापा टाकत येणाऱ्याला मी नुसतं आकाशाकडं बोट दाखवायचे. तक्रार असली तर तिकडं करा, म्हणायचे. दोनचार महिन्यांत पोरं सुधारत, म्हणजे क्रिकेट सोडत किंवा माझी खानावळ सोडत.

निपाणी-चिकोडीकडचे शेतकरी, व्यापारी पोराला आणून सोडायला येत, तेव्हा कॉलेजबद्दल चकार शब्द विचारत नसत. कॉलेज हे पोराला कळणारं काम. त्यांचा प्रश्न एकच असे, "आक्का, पानी गाळून असतंय न्हवं?" मी म्हणायचे, असतंय की. मग ते निवांत होऊन मोटार पकडायचे.

हा प्रश्न बाहेरच्या वाचकाला समजायचा नाही, म्हणून सांगते. आमच्यात पाणी दुहेरी जाड फडक्यातून गाळूनच घेतात. पाण्यात बारीक जीव असतात, ते आपल्या पोटात जाऊ नयेत म्हणून. पण एवढ्यावर भागत नाही. गाळून झालं की ते फडकं उलटं करून, गाळलेल्याच पाण्यानं परत विहिरीत धुवायचं. जीव जिथले तिथं गेले पाहिजेत. आणि गाळलेलं पाणी दोन घटकाच चालतं, म्हणजे पाऊण तासाच्या वर थोडंसं. मग पुन्हा गाळायचं. एका घराला हे जमतं. चाळीस ताटांना, एका विहिरीवर, मी आणि माझी मदतनीस तायव्वा अशा दोघींना ते कसं जमत असेल, हे एकाही पालकानं कधी विचारलं नाही. मीही आपण होऊन सांगितलं नाही. आम्ही पहाटे एकदा गाळायचो, मोठे हंडे भरून ठेवायचो, आणि दिवसभर त्यावर भागवायचो. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. कुणी आजारी पडलं नाही आणि कुणाला पाप लागलेलं दिसलं नाही.

लढाईची सालं होती. रॉकेल नाही, साखर नाही, तांदळात खडे किती आणि तांदूळ किती हे निवडल्यावरच कळायचं. अशा वेळी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रोफेसरांना पोरांना स्वयंपाक शिकवायची कल्पना सुचली. इंटर होऊन पोरं मुंबई-पुण्याला पुढं शिकायला जातात, हॉटेलात खातात, पोटं बिघडवून घेतात आणि नापास होतात, असं त्यांचं अनुमान होतं. विलायतेला ते स्वतः करून खात म्हणे. काय करून खात, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. निकाल लागल्यापासून पोरं गावाबाहेर जाईपर्यंत जे दिवस मिळतात त्यांतले दहा दिवस त्यांनी धरले आणि वर्गाला शास्त्रीय पाकवर्ग असं नाव दिलं. शिकवायला मला बोलावलं, कारण शहरातले आचारी आपली गुपितं सांगत नाहीत. माझ्याकडं गुपितं नव्हती. एकच होतं, आणि त्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

वर्ग प्रयोगशाळेत भरवायचा त्यांचा विचार होता. मी जाऊन बघून आले. ज्या टेबलावर ॲसिडच्या बाटल्या ठेवतात त्या टेबलावर मी कणीक मळणार नाही, म्हटलं. मग वर्ग माझ्या परसात भरला. प्रोफेसरांनी फळा पाठवला. तो ठेवायला जागा नव्हती, म्हणून लाकडाच्या ढिगाला टेकवून ठेवला.

आठ पोरांनी नावं दिली. कॉलेजात तेव्हा दोन मुलीही होत्या. त्यांनीही नावं द्यायला पाहिली, तर प्रोफेसर म्हणाले, तुम्हाला कशाला, तुम्हाला जन्मतःच येतं. त्यातली एक पुढं माझ्या ओळखीची झाली. तिला जन्मतः चहासुद्धा येत नव्हता. लग्नानंतर तिनं चोरून माझ्याकडं येऊन आमटी शिकून घेतली.

पहिल्या दिवशी प्रोफेसरांनी जीवनसत्त्वांवर व्याख्यान दिलं. नमुन्याचा भात मी चुलीवर ठेवला होता आणि मधे बोलायचं नाही अशी मला ताकीद होती. मी बोलले नाही. भात खाली लागला, मग करपला, मग धूर व्याख्यानापर्यंत पोचला. जीवनसत्त्वं भातातच असतात असं ते सांगत होते, ती सगळ्यांच्या डोळ्यांत गेली. पोरांनी हेही वहीत लिहून घेतलं असावं, कारण ती सगळंच लिहून घेत होती.

दुसरा दिवस चुली पेटवण्यात गेला. आठ पोरांना एकच चूल पुरली असती, पण चार मांडाव्या लागल्या. एकाला दुसऱ्याच्या पातेल्यातलं चालत नव्हतं, दुसऱ्याला तिसऱ्याच्या हातचं. कँपातल्या एका हॉटेलात हीच पोरं एका बशीत ऑम्लेट खातात, हे मला ठाऊक होतं. पण तिथं आई-वडील नसतात, इथं मी होते. वकिलांचा शरद तर गडी घेऊनच आला होता. गड्यानं भाजी चिरायची आणि शरदनं बघून शिकायचं, असा त्याचा बेत होता. मी गड्याला पाट दिला आणि शरदला विळी दिली. शरदनं दोडका चिरला तो मी आजवर विसरलेले नाही. गडी बिचारा तोंड फिरवून बसला होता.

खानापूरकडचा मारुती नावाचा एक पोरगा होता. खोली करून राहायचा, गेली दोन वर्षं स्वतः रांधून खात होता, माझ्याहून भाकरी बरी थापायचा. तू कशाला आलास, म्हटल्यावर खाली मान घालून म्हणाला, "आक्का, दहा दिस दुसऱ्यानं केल्यालं खायाला मिळंल, म्हनून आलतो." एवढं प्रामाणिक कारण त्या वर्गात दुसऱ्या कुणाकडं नव्हतं. मी त्याला ठेवून घेतलं. प्रोफेसरांनी तोंडी परीक्षा घेतली तेव्हा त्याला विचारलं, भात शिजल्याची लक्षणं सांग. मारुती म्हणाला, पोरं पाट मांडाय लागत्यात. प्रोफेसरांनी शून्य दिलं. मी पैकीच्या पैकी दिले असते.

आठवा होता देवगोंडा, आणि सांगायची गोष्ट त्याचीच आहे.

देवगोंडा चिकोडीकडच्या एका खेड्यातला, जैन पाटलांचा पोरगा. दोन वर्षं माझ्याकडं जेवत होता. बोलायचा कमी. घरी कानडी, शाळेत मराठी, कॉलेजात इंग्रजी असं झाल्यानं कुठल्या भाषेत तोंड उघडावं हे ठरेपर्यंत दुसरं कुणीतरी बोलून जायचं. इंटरला वरच्या नंबरात पास झाला आणि मुंबईला डॉक्टरकीच्या कॉलेजात त्याला जागा मिळाली. त्यांच्या गावातून डॉक्टरकीला आजवर कुणी गेलं नव्हतं. गावातून डॉक्टराकडं सुद्धा फारसं कुणी गेलं नव्हतं.

त्याचे वडील आदगोंडा पाटील मला भेटायला आले. उंच, वाळका माणूस, व्रतं घेतलेला. बाहेर पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. मी घोंगडं अंथरलं, त्यावर पाटील बसले आणि सरळ मुद्द्यावर आले.

"म्हमईत त्यो खानार कुटं, आक्का? हाटेलात खाल्लं तर शिकून काय उपेग? सवता करून खाईल तर जाऊंदे. तुमच्या त्या वर्गात घाला त्येला. दहाव्या दिवशी मी येतो. त्येच्या हातचं जेवीन. आमच्या घरच्यागत झालं तर धाडतो, न्हाय तर शेत हाय."

म्हणजे प्रोफेसरांच्या परीक्षेत नापास झाला असता तर काही बिघडत नव्हतं. या परीक्षेत नापास झाला तर पोरगा डॉक्टर व्हायचा नाही, तंबाखूच्या रानात जायचा. देवगोंडा बाजूला उभा होता. वडील गेल्यावर मला म्हणाला, "आक्का, मला भाकरीच येत न्हाय." मी म्हटलं, मग मी कशाला आहे?

हे वाक्य मी त्या काळी फार वेळा म्हणत असे.

भाकरी कशी असते ते सांगते, कारण ती सगळ्यांना येते असं सगळ्यांना वाटतं. ज्वारीचं पीठ कढत पाण्यानं भिजवायचं आणि तळहाताच्या टाचेनं मळत राहायचं, ते लवायला लागेपर्यंत. मग खाली पीठ पसरून थापायची. थापताना भाकरी आपोआप गोल फिरली पाहिजे. ती फिरत नाही, फिरवावी लागते, पण फिरवलेली दिसता कामा नये. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, तिला पाण्याचा हात, पाणी सुकायच्या आत उलटायची, आणि शेवटी निखाऱ्यावर फुगवायची. देवगोंडाचे हात नांगराचे. तिसऱ्या दिवशीची त्याची भाकरी तव्यापर्यंत पोचलीच नाही. चौथ्या दिवशीची पोचली, तिचे तीन तुकडे पोचले. प्रोफेसर येऊन म्हणाले, याचा व्यास मोजून ठेवा. मी त्यांना म्हटलं, कुठल्या तुकड्याचा?

पण तो पोरगा चिवट होता. वर्ग संपून बाकीची पोरं घरी गेली तरी तो चुलीपुढं बसायचा. बोटं भाजली, तर दुसऱ्या हातानं थापायचा. सहाव्या दिवशी भाकरी फुगली. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, नुसता त्या भाकरीकडं बघत बसला. मी मात्र तायव्वाला बोलावून दाखवली, शेजारणीला दाखवली. मला फार आनंद झाला होता, आणि तो आनंद त्याच्यासाठी किती आणि माझ्यासाठी किती, हे मी तेव्हा तपासून बघितलं नाही. आठव्या दिवसापर्यंत त्याला मुगाची आमटी आली, दोडक्याची भाजी आली, भात मोकळा आला. मी मनातल्या मनात त्याला मुंबईला पोचवून टाकलं होतं.

प्रोफेसरांना समारोपाशिवाय कुठलीच गोष्ट संपलेली वाटत नसे. दहाव्या दिवशी त्यांनी समारोप ठेवला आणि जवळपासच्या पालकांना बोलावलं. आणखी चार जैन पालक आले होते. दोघांची पोरं माझ्याकडं जेवत होती आणि दोघं नव्या सालाला पोरं ठेवावीत का हे बघायला आले होते. परसात सडा घातला, पाट मांडले. दुपार टळायला आली होती, सूर्य चांगला वर होता. त्या बाबतीत मी चूक करत नाही.

आदगोंडा पाटील पाटावर बसले. देवगोंडानं ताट वाढलं. भाकरी, भाजी, आमटी, भात, ताक, सगळं जिथल्या तिथं. मग तो कोपऱ्यातल्या हंड्याकडं गेला, तांब्या बुडवला आणि वडिलांच्या ताटाशेजारी ठेवला.

पाटलांनी हात जोडले होते, ते तसेच ठेवून विचारलं, "पानी कवा गाळलंस?"

इथं मला एक गोष्ट सांगायला हवी. तिसऱ्या दिवशी देवगोंडानं मला विचारलं होतं, आक्का, पाणी परत गाळून घेऊ का? त्याला घरची सवय होती. मी भाकरीच्या नादात होते, शिवाय आठ पोरं विहिरीवर गेली तर रहाट मोडतील ही भीती. मी त्याला म्हटलं होतं, सकाळी गाळलंय की, मठ आहे का हा, तू पीठ मळ. त्यानं पुन्हा विचारलं नाही. बाईनं सांगितलं म्हणजे तसंच असेल, असं समजणारा पोरगा होता.

आता तो काय सांगणार ते मला दिसत होतं. 'आक्कांनी पहाटे गाळलंय' एवढं म्हणाला की झालं. वडील माझ्याकडं बघतील, चारही पालक बघतील. पहाटे गाळलेलं दुपारी पाजतात, हे संध्याकाळच्या मोटारीनं चिकोडीला पोचेल, उद्या निपाणीला. माझी निम्मीअधिक ताटं त्या भागातली होती. मी खांबाला टेकून उभी होते आणि हातात पळी होती, एवढं आठवतं.

देवगोंडा म्हणाला, "गाळाय इसरलो, आप्पा."

प्रोफेसर वहीत काहीतरी लिहीत होते ते थांबले. मला बोलायला हवं होतं. तोंड उघडून फक्त 'माझी चूक' म्हणायचं होतं, दोन शब्द. मी आयुष्यात भाजीवाल्यांशी, मोटारवाल्यांशी, रेशनच्या कारकुनाशी तासन्‌तास बोलले आहे. कुणी मला मुकी म्हणणार नाही. त्या दिवशी मी पळी पुसली.

पाटलांनी ताटाला नमस्कार केला आणि उठले. राग दिसला नाही. पोराला म्हणाले, "दोन वर्सात हितं इसरलास. म्हमईत पाच वर्सं. मग तुज्याजवळ काय ऱ्हातंय?" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुमी शिकीवलंसा चांगलं, आक्का. भाकरी बघून कळतंय. पोरगंच कच्चं." संध्याकाळच्या मोटारीनं त्याला घेऊन गेले. ताट तसंच राहिलं. मारुतीनं ते खाल्लं आणि भाकरी चांगली झाली म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी उठून त्यांच्या गावाला गेले असेन, असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही तसं सांगायला आवडलं असतं. मी गेले सहाव्या दिवशी. नव्या सालाची ताटं ठरायचे ते दिवस होते. रोज कुणी ना कुणी पालक येत होता, पाण्याचं विचारत होता, आणि मी असतंय की म्हणत होते. समारोपाला बघायला म्हणून आलेल्या त्या दोघांनीही पोरं माझ्याकडंच ठेवली. चाळीस ताटं भरली आणि मग मला कंठ फुटला. सदसद्विवेक म्हणतात तो माझ्याकडंही होता, फक्त त्याला गर्दीचे दिवस चालत नव्हते.

तेव्हा मोटारी कोळशाच्या ग्यासवर चालायच्या. चालायच्या म्हणजे उतारावर चालायच्या, चढावर आम्ही उतरून ढकलायचो. अर्धा दिवस त्यात गेला. पुढं दोन कोस बैलगाडी. पाटील अंगणात दोरखंड वळत बसले होते. बायको दम्यानं आतल्या खोलीत आडवी होती, तिचा खोकला बाहेर ऐकू येत होता. मी बसायच्या आधीच बोलले, कारण बसले असते तर पुन्हा दुसरंच काही बोलले असते.

"आण्णा, पोरगा विसरला नव्हता. त्यानं मला विचारलं होतं, मीच नको म्हटलं. माझ्याकडं पाणी पहाटे एकदाच गाळतात. गेली कित्येक वर्षं."

पाटलांनी दोरखंड बाजूला ठेवला. ओरडतील, गाव गोळा करतील, या तयारीनं मी आले होते. त्यांनी यातलं काही केलं नाही.

"हे त्या दिवशी तुमी बोलला असता," ते म्हणाले, "तर मी पानी परत गाळून आन म्हटलं असतं, आनि जेवलो असतो."

मग म्हणाले, आता उपयोग नाही. जागा सोडली म्हणून मुंबईला कार्ड गेलं. परवाच टाकलं. परवा म्हणजे माझं अडतिसावं ताट ठरलं तो दिवस. दुसरं कार्ड टाका, तार करा, मी म्हटलं. तारही केली त्यांनी, माझ्या देखत गडी पाठवून. पुढं उत्तर आलं की जागा दुसऱ्याला दिली. पुढच्या सालाला बघू, असं त्या दिवशी पाटील म्हणाले होते. पुढच्या सालापर्यंत आई गेली, तिच्या मागं पाटलांनी अंथरूण धरलं, आणि घरात हाताशी येणारा देवगोंडा एकटाच होता.

मला त्यांनी जेवून जायला सांगितलं. स्वयंपाक देवगोंडाच करत होता, आई आजारी म्हणून. तो विहिरीवर गेला, पाणी ओढलं, दुहेरी फडक्यातून गाळलं, फडकं उलटं करून परत विहिरीत धुतलं आणि घागर घेऊन आला. भाकरी माझ्यासमोर थापली. सूर्य अजून होता. पाटील जेवले, मी जेवले. पाटलांनी आणखी अर्धी भाकरी मागून घेतली. पोरगा परीक्षेत पास झाला होता, पण आता ती परीक्षा कुणी घेत नव्हतं.

संपादकांना वाटेल की मग माझी खानावळ बसली असेल. तसं झालं नाही. पाटलांनी कुणाला काही सांगितलं नाही. ते सांगतील या भीतीनं मी परत आल्यावर आणखी एक बाई ठेवली आणि प्रत्येक पंगतीआधी पाणी गाळायला सुरुवात केली. पालक बघून खूश झाले. आक्काची खानावळ लई कडक, असा लौकिक झाला. ताटं चाळिसाची साठ झाली. लोकांनी कौतुक केलं आणि मी ते घेतलं. कॉलेजच्या त्या सालच्या अहवालातही आमच्या वर्गाबद्दल छापून आलं होतं, सर्व विद्यार्थ्यांनी लाभ घेतला म्हणून. प्रोफेसरांनी पुढं आणखी तीन वर्षं वर्ग घेतला. शिकवायला मीच होते. पहिल्या दिवशी पाणी गाळायला शिकवायचे, मग बाकीचं. जे जैन नव्हते ते कुरकुर करायचे, त्यांच्याकडून मी दोनदा गाळून घ्यायचे.

आता मी हे लिहिते आहे, तर त्यात फार धैर्य आहे असं कुणी समजू नये. खानावळ बंद होऊन बरीच वर्षं झाली. ती पोरं आता आजोबा झाली, आता त्यांचं ताट माझ्याकडून कोण उचलणार?

एक राहिलं. त्या गावाहून सकाळी निघाले तेव्हा देवगोंडा मला मोटारीपर्यंत पोचवायला आला. रस्त्याला लागल्यावर मी त्याला विचारलं, माझं नाव का नाही सांगितलंस? मला वाचवायला खोटं बोललास ना? खरं सांगायचं तर मला ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. पोरानं माझ्यासाठी केवढं केलं, असं म्हणत आयुष्यभर डोळे पुसायची माझी तयारी होती.

त्यानं माझं गाठोडं मोटारीच्या टपावर चढवलं आणि हात झाडले. घुश्श्यात नव्हता. एखाद्या गणितात कुठं चुकलं ते सांगावं तसं म्हणाला, "तसं न्हाय, आक्का. चार मान्सांत तुमचं नाव मी कसं घेऊ? मी इसरलो म्हटलं. मला वाटलं, आता तुमी बोलशिला."